पासवर्ड बरोबर, तरीही प्रवेश नाही : लिनक्सच्या लॉगिन पडद्यावरील कळफलकाचा घोटाळा

रात्री व्यवस्थित बंद केलेला संगणक सकाळी सुरू केला जातो. पडद्यावर वापरकर्त्याचे नाव येते, त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट दिसते. रोजच्या सवयीने बोटे कळांवरून फिरतात, चौकटीत काळे ठिपके उमटतात आणि उत्तर येते, पासवर्ड चुकीचा आहे. दुसऱ्यांदा सावकाश आणि तिसऱ्यांदा एकेक कळ न्याहाळून टंकले, तरी उत्तर तेच. आदल्या दिवशी नवे असे एकच घडलेले असते. मराठीत लिहिता यावे म्हणून संगणकावर मराठी कळफलक जोडलेला असतो. मात्र त्या बदलाचा आणि नाकारल्या गेलेल्या पासवर्डचा काही संबंध असेल, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

खरे नुकसान होते ते यानंतर. आपण पासवर्ड विसरलो, घरातल्या कोणी तो बदलला किंवा बाहेरचे कोणी संगणकात शिरले, असे तर्क सुरू होतात. अखेर यंत्र दुरुस्तीला जाते आणि ‘फॉरमॅट करून सगळे नव्याने टाकू’ हा सर्वांत सोपा मार्ग निवडला जातो. त्याबरोबर वर्षानुवर्षांचे हिशेब, लेखन आणि छायाचित्रे पुसली जातात. वास्तविक पासवर्ड अचूक असतो, तो टंकणाऱ्याची बोटेही चुकलेली नसतात. फक्त त्या कळांचा अर्थ संगणकाने वेगळ्या मांडणीनुसार लावलेला असतो. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा अशा लिनक्सच्या बहुतेक वितरणांत हा प्रकार घडू शकतो. त्यामागची यंत्रणा समजून घेतली, तर डिस्क पुसण्याची वेळ सहसा येत नाही.

कळ अक्षर पाठवत नाही

कळफलकावर ‘ए’ छापलेली कळ दाबली की संगणकाकडे ‘ए’ हे अक्षर जाते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात कळफलक पाठवतो तो केवळ एक क्रमांक. ‘या जागेची कळ दाबली’ आणि ‘ती सोडली’ एवढेच तो सांगतो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, अमेरिकी कळफलकावर जिथे ‘ए’ असते त्या जागेला ३० हा क्रमांक देतो आणि ‘क्यू’च्या जागेला १६ हा. कळेच्या टोपणावर काय छापले आहे, याची संगणकाला कल्पना नसते. टोपणे काढून उलटसुलट बसवली, तरी त्याच्या दृष्टीने काहीच बदलत नाही.

क्रमांकाचे अक्षर होते ते मांडणीच्या तक्त्यामुळे. कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर, शिफ्ट दाबलेली असताना कोणते आणि उजवीकडील ऑल्ट दाबलेली असताना कोणते, हे सारे त्या तक्त्यात लिहिलेले असते. अमेरिकी तक्ता लावला तर ३० म्हणजे ‘ए’, फ्रेंच तक्ता लावला तर तोच ३० म्हणजे ‘क्यू’. मराठीचा इनस्क्रिप्ट तक्ता लावला तर त्याच कळेतून ओकाराची मात्रा उमटते. कळफलक तोच आणि बोटेही तीच, पण तक्ता बदलला की मजकूर बदलतो.

एखादे पत्र लिहिताना हा बदल लगेच डोळ्यांना दिसतो आणि माणूस मांडणी बदलून घेतो. पासवर्डच्या चौकटीत मात्र अक्षरांऐवजी ठिपके दिसतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसापासून पासवर्ड लपावा म्हणून केलेली ही सोय अशा वेळी खुद्द मालकापासूनच चूक लपवते.

त्यात भर म्हणजे पासवर्ड ‘जवळपास बरोबर’ असू शकत नाही. लिनक्स मूळ पासवर्ड साठवून ठेवत नाही. त्यावर गणिती प्रक्रिया करून मिळालेली एक खूण ‘शॅडो’ नावाच्या सुरक्षित फाइलीत ठेवलेली असते. टंकलेल्या अक्षरांवर तीच प्रक्रिया करून दोन खुणा जुळतात का, एवढेच पाहिले जाते. बारा अक्षरांपैकी एकच अक्षर वेगळे उमटले, तरी येणारी खूण पूर्णपणे निराळी असते. त्यामुळे चूक कुठल्या अक्षरात झाली, याचा इशारा देणे संगणकाला शक्यच नसते.

लॉगिनच्या पडद्याला मालकाची आवड ठाऊक नसते

वापरकर्त्याने सेटिंग्जमध्ये जाऊन आपल्या सोयीची मांडणी निवडलेली असते. मग लॉगिनचा पडदा ती का मानत नाही? याचे उत्तर संगणक सुरू होण्याच्या क्रमात दडलेले आहे. वापरकर्त्याची निवड त्याच्या स्वतःच्या खात्यात नोंदलेली असते आणि ती लागू होते खात्यात प्रवेश झाल्यानंतर. लॉगिनचा पडदा त्याआधी येतो. त्या क्षणी समोर कोण बसले आहे, हे अद्याप ठरलेले नसते.

हा पडदा दाखवणारा कार्यक्रमही वेगळा असतो. उबुंटू आणि फेडोरा यांच्या मुख्य आवृत्त्यांत ‘जीडीएम’, मिंटमध्ये ‘लाइटडीएम’ आणि केडीई वापरणाऱ्या अनेक वितरणांत ‘एसडीडीएम’ हे काम करतो. वापरकर्त्याच्या खात्याशी त्याचा संबंध नसतो. त्यामुळे तो संपूर्ण यंत्रासाठी ठरवलेली मांडणी वापरतो आणि ती बहुधा लिनक्स प्रथम बसवताना निवडली गेलेली असते.

यातूनच एक चकवणारी गोष्ट घडते. चहाला उठताना पडदा कुलूपबंद केला आणि परत येऊन पासवर्ड टंकला, तर तो बिनतक्रार स्वीकारला जातो. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तर तोच पासवर्ड नाकारला जातो. दोन्ही पडदे दिसायला जवळजवळ सारखे असतात. परंतु कुलूपाचा पडदा वापरकर्त्याच्या चालू सत्राचा भाग असल्याने तिथे त्याची स्वतःची मांडणी लागू असते आणि लॉगिनच्या पडद्यावर यंत्राची. पासवर्ड एका ठिकाणी चालतो आणि दुसरीकडे नाही, असा अनुभव आला की प्रथम कळफलकाच्या मांडणीवर संशय घ्यावा.

याशिवाय आणखी दोन जागा आहेत. पहिली जागा मजकुरी कन्सोलची. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्या की काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारला जातो. तिथला तक्ता कर्नलकडे असतो. फेडोरासारख्या वितरणांत ‘व्हीकन्सोल’ नावाच्या वेगळ्या फाइलीतून तो ठरतो. डेबियन आणि उबुंटू यांनी मात्र कन्सोल आणि चित्रमय पडदा या दोहोंसाठी ‘कीबोर्ड’ नावाची एकच फाइल ठेवली आहे.

दुसरी जागा अधिक नाजूक आहे. संपूर्ण डिस्क सांकेतिक स्वरूपात कुलूपबंद केली असेल, तर तिची किल्ली लॉगिनच्याही आधी विचारली जाते. त्या वेळी डिस्क उघडलेली नसल्याने तिच्यावरील कोणतीही फाइल वाचता येत नाही. म्हणून संगणक सुरू होताना लागणाऱ्या छोट्या प्रारंभिक संचातच कळफलकाच्या मांडणीची एक प्रत बांधून ठेवलेली असते. मांडणी नंतर बदलली, पण हा संच नव्याने बांधला नाही, तर किल्ली विचारताना जुनीच मांडणी लागू राहते. याच्या उलटही घडते. जुन्या मांडणीत ठरवलेली किल्ली असते आणि एखाद्या अद्ययावतीकरणात संच नव्या मांडणीसह बांधला जातो. महिनोन्‌महिने चाललेली किल्ली मग एका सकाळी चालेनाशी होते.

मराठी मांडणी आणि परदेशातून आलेले लॅपटॉप

मराठी वाचकाच्या बाबतीत हा घोटाळा प्रामुख्याने दोन वाटांनी येतो. पहिली वाट देवनागरीची. इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी आहे. तिच्यात सर्वसाधारणपणे स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर व्यंजने उजव्या हाताला येतात. मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जात असल्याने दोहोंसाठी मूळ रचना एकच आहे. ही मांडणी यंत्राच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आली, तर लॉगिनच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरे उमटतच नाहीत. गोव्याचे नाव इंग्रजीत लिहिण्यासाठी ‘जी’, ‘ओ’ आणि ‘ए’ या तीन कळा दाबल्या, तर संगणकाला मिळतात ती उकाराची मात्रा, ‘द’ आणि ओकाराची मात्रा. ठिपके मात्र तीनच दिसतात, त्यामुळे शंका येत नाही.

उच्चारानुसार मराठी लिहिणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही. इंग्रजी अक्षरे टंकून देवनागरी मिळवण्याची सोय तक्त्यातून येत नाही, ती ‘आयबस’सारख्या वेगळ्या कार्यक्रमातून येते आणि पासवर्डच्या चौकटीत असे कार्यक्रम बहुधा बाजूला ठेवले जातात. इनस्क्रिप्ट हा मात्र थेट तक्ता असल्याने तो पासवर्डलाही लागू होतो.

दुसरी वाट परदेशाची. गोव्यातील अनेक कुटुंबांतील माणसे ब्रिटन, पोर्तुगाल किंवा आखाती देशांत आहेत आणि तिकडून आलेले लॅपटॉप इथल्या घरांत वापरले जातात. भारतात प्रचलित असलेला इंग्रजी कळफलक अमेरिकी मांडणीचा आहे. लिनक्समधील ‘इंग्रजी, भारत’ ही मांडणीही त्यावरच आधारलेली असून तिच्यात रुपयाच्या चिन्हाची भर आहे. ब्रिटिश मांडणीत अक्षरे त्याच जागी असतात, परंतु काही चिन्हांच्या जागा बदलतात. अमेरिकी मांडणीत शिफ्टसह दोनची कळ दाबली की ईमेलच्या पत्त्यात येणारे ‘ॲट’चे चिन्ह उमटते. ब्रिटिश मांडणीत त्याच कळांनी दुहेरी अवतरणचिन्ह उमटते आणि ‘ॲट’ एंटरच्या बाजूला गेलेले असते. ‘हॅश’चे चिन्हही जागा बदलते, शिफ्टसह तीनच्या कळेवर पौंडाचे चिन्ह येते.

पोर्तुगीज मांडणीतही अक्षरांचा क्रम ओळखीचाच असतो, पण ‘ॲट’साठी उजवीकडील ऑल्ट आणि दोनची कळ एकत्र दाबावी लागते. जर्मन मांडणीत ‘वाय’ आणि ‘झेड’ यांची अदलाबदल होते. फ्रेंच मांडणीत ‘ए’ आणि ‘क्यू’ तसेच ‘झेड’ आणि ‘डब्ल्यू’ परस्परांच्या जागा घेतात, ‘एम’ सरकते आणि अंकांसाठीदेखील शिफ्ट दाबावी लागते. साध्या पासवर्डात अशी अक्षरे किंवा चिन्हे नसतील, तर मांडणी चुकलेली असूनही वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही. सुरक्षिततेच्या सल्ल्यावरून पासवर्डात एखादे चिन्ह घातले, की त्याच दिवशी घोळ उघड होतो.

एक प्रकार तर दुरुस्तीनंतर घडतो. ब्रिटिश कळफलकाच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवताना चुकून अमेरिकी मांडणी निवडली गेली, असे समजू. मालकाने ‘ॲट’ छापलेली कळ शिफ्टसह दाबली आणि पासवर्डात प्रत्यक्षात दुहेरी अवतरणचिन्ह नोंदले गेले. मांडणी चुकीची असेपर्यंत हा पासवर्ड चालतो. ती दुरुस्त केली की त्या कळेतून खरोखरचे ‘ॲट’ उमटू लागते आणि प्रवेश बंद होतो. अशा वेळी जुन्या मांडणीत त्या कळेने काय उमटले असते, हे आठवून तेच चिन्ह टंकावे. या उदाहरणात शिफ्टसह दोनची कळ दाबली की खाते उघडते.

प्रवेश नाकारला गेल्यास

प्रथम कॅप्स लॉक आणि नम लॉक पाहावेत. लॉगिनच्या वेळी नम लॉक बंद असेल, तर उजवीकडील अंकांच्या कळांतून अंक उमटत नाहीत. त्यानंतर पडद्याच्या कडा न्याहाळाव्यात. एकाहून अधिक मांडण्या बसवलेल्या असतील, तर जीडीएमच्या पडद्यावर वरच्या उजव्या कोपऱ्यात चालू मांडणीची छोटी खूण दिसते. इतर पडद्यांवर ती वरच्या किंवा खालच्या पट्टीत असू शकते. तिच्यावर टिचकी मारून इंग्रजी मांडणी निवडता येते. जीडीएमवर विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि स्पेस एकत्र दाबूनही मांडणी बदलते.

चौकटीच्या शेजारी डोळ्याचे चिन्ह असेल, तर ते दाबून टंकलेली अक्षरे पाहावीत. तशी सोय नसल्यास ‘यादीत नाही?’ असा पर्याय निवडावा. त्यात वापरकर्त्याचे नाव टंकण्यासाठी उघडी चौकट मिळते. पासवर्डातील संशयित चिन्हे तिथे एकेक करून टंकली की खरोखर काय उमटते ते दिसते. मात्र नावाच्या चौकटीत संपूर्ण पासवर्ड टंकून एंटर दाबू नये. चुकीचे नाव म्हणून तो यंत्राच्या नोंदवहीत उघड स्वरूपात उतरण्याचा धोका असतो. चाचणी संपली की चौकट रिकामी करावी.

सुलभतेच्या मेनूतील पडद्यावरचा कळफलकही उपयोगी पडतो. प्रत्येक कळेतून काय उमटणार, ते त्यावर दिसते आणि माऊसने हवे ते अक्षर निवडता येते. हेही जमले नाही, तर मजकुरी कन्सोलवर जाऊन पाहावे. तिथेही आधी नाव विचारले जाते आणि ते पडद्यावर उमटते, त्यामुळे तिथला तक्ता कोणता आहे, हे लगेच कळते. या साऱ्यात घाईने पुन्हापुन्हा प्रयत्न करू नयेत. काही वितरणांत सलग चुका झाल्यास खाते काही मिनिटे बंद ठेवले जाते आणि त्या अवधीत बरोबर पासवर्डही नाकारला जातो.

पासवर्ड जबरीने बदलणे हा शेवटचा उपाय समजावा. रिकव्हरी मोडमधून तो बदलता येतो, परंतु वायफाय, ईमेल यांचे साठवलेले पासवर्ड ज्या ‘कीरिंग’मध्ये असतात, ती जुन्याच पासवर्डने बंद राहते. संगणक दुरुस्तीला द्यावाच लागला, तर डिस्कला हात लावण्यापूर्वी लाइव्ह पेनड्राइव्हवरून तो सुरू करून फाइलींची प्रत काढून घ्यायला सांगावे. डिस्क सांकेतिक नसेल तर हे शक्य असते. ती सांकेतिक असेल तर किल्लीवाचून कोणताही तंत्रज्ञ काही वाचू शकत नाही. म्हणून तिथे मांडणीच्या सर्व शक्यता तपासल्याखेरीज काहीही पुसू देऊ नये.

पुन्हा तसे घडू नये म्हणून

एकदा खात्यात प्रवेश मिळाला की केवळ स्वतःच्या सेटिंग्ज बदलून थांबू नये, यंत्राची मांडणीही दुरुस्त करावी. डेबियन, उबुंटू आणि मिंटमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर कीबोर्ड-कॉन्फिगरेशन’ ही आज्ञा दिली की प्रश्नोत्तरांतून मांडणी निवडता येते. फेडोरा आणि तत्सम वितरणांत ‘लोकेलसीटीएल’ या आज्ञेने हे काम होते आणि तिच्या ‘स्टेटस’ या पर्यायाने सध्याची मांडणीही कळते. यादीत इंग्रजी पहिल्या क्रमांकावर आणि मराठी दुसऱ्या क्रमांकावर ठेवावी. मराठी लेखनाची सोय त्यामुळे किंचितही कमी होत नाही, लॉगिनच्या वेळी मात्र इंग्रजी अक्षरे मिळतात.

डिस्क सांकेतिक असल्यास प्रारंभिक संच नव्याने बांधून घ्यावा. त्यासाठी डेबियन कुळात ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ आणि फेडोरात ‘ड्रॅकट’ या आज्ञा आहेत. त्याआधी एक खबरदारी आवश्यक आहे. ‘लक्स’ या लिनक्सच्या सांकेतिकीकरणात एकाच डिस्कला अनेक किल्ल्या देता येतात, पहिल्या आवृत्तीत ८ पर्यंत आणि दुसरीत ३२ पर्यंत. बदल करण्यापूर्वी एक अशी जादा किल्ली ठेवावी, जिच्यातील अक्षरे कोणत्याही मांडणीत सारखीच उमटतील.

पासवर्डालाही हाच विचार लावता येतो. चिन्हांनी भरलेल्या छोट्या पासवर्डापेक्षा लहान इंग्रजी अक्षरांतील, परस्परांशी संबंध नसलेल्या चारपाच शब्दांचा लांब पासवर्ड मांडणीच्या फेऱ्यात क्वचित अडकतो आणि तो ओळखणेही कठीण असते. ब्रिटिश किंवा पोर्तुगीज कळफलक घरात असेल तर ‘ॲट’, ‘हॅश’ आणि अवतरणचिन्हे टाळावीत. फ्रेंच किंवा जर्मन असेल तर ‘ए’, ‘क्यू’, ‘डब्ल्यू’, ‘झेड’, ‘वाय’ आणि ‘एम’ यांनाही फाटा द्यावा. देवनागरी पासवर्ड ठेवण्याचा मोह होतो, पण मजकुरी कन्सोल आणि डिस्कच्या किल्लीची चौकट अशा ठिकाणी तो टंकता येण्याची शाश्वती नसते.

मांडणी बदलल्यावर संगणक लगेच बंद करू नये. चालू सत्र उघडे ठेवून मजकुरी कन्सोलवर प्रवेश होतो का ते पाहावे, मग लॉगआउट करून लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड चालतो का ते तपासावे आणि त्यानंतरच यंत्र पुन्हा सुरू करावे. लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती देताना त्याच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटवून ठेवणेही हिताचे. तिच्यावर पासवर्ड मुळीच नसावा. यंत्र कोणत्या मांडणीवर बसवले आहे, अमेरिकी की ब्रिटिश, आणि मांडणी बदलण्याच्या कळा कोणत्या, एवढीच नोंद पुरे. प्रवेश नाकारला गेला की डिस्क पुसण्याचा विचार मनात येण्यापूर्वी ही चिठ्ठी वाचली जावी.